कठडे उतरवायचे दिवस

आखाजी आठ दिवसांवर आली की माझं डोकं फिरतं, हे आता घरात सगळ्यांना माहीत झालं आहे. भाजीत मीठ दोनदा पडतं, चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, आणि कुणी साधं ‘काय झालं’ विचारलं तरी मी त्याच्या अंगावर जाते. बाहेर शहाद्याच्या गल्ल्यांमधून सांजोऱ्यांसाठी रवा भाजल्याचा वास येत असतो. कुंभाराच्या दारात नव्या घागरी मांडलेल्या असतात. निंबाच्या फांदीला कुणीतरी झोका बांधतं आणि माहेरी आलेली कुणाची तरी लेक त्यावर उन्हाची पर्वा न करता झुलत असते. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि तिच्यावर पहिला हक्क लेकींचा. दिवाळीला लेक आली नाही तर एक वेळ चालतं, आखाजीला तिनं यायलाच हवं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलांकडून या सणावर ढीगभर निबंध लिहून घेतले. स्वतः मात्र एक ओळ लिहिली नाही.

यंदा लिहायची वेळ आली ती पुलामुळे. आमच्या गावाजवळ गोमाई नदीवर एक जुना दगडी पूल आहे. वाहनांसाठी शेजारी नवा उंच पूल झाला आणि जुना आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला आहे. खाली फरश्या, कडेला बाकं, दिव्याचे खांब, सगळं झालं. ते काम पाहणारा तरुण इंजिनिअर महिन्यापूर्वी घरी आला. “मॅडम, दोन्ही टोकांना माहितीचे फलक लावायचेत. तुम्ही त्याच गावच्या, शिवाय मराठीच्या शिक्षिका. पुलाचा इतिहास लिहून द्या. दोनशे शब्द पुरे.”

दोनशे शब्द पुरे, हे तो अगदी सहज म्हणाला. आतल्या खोलीत पलंगावर माझे वडील पडलेले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांनी उभं आयुष्य त्या पुलाची चाकरी केली, आणि त्याच पुलावरून त्यांची थोरली लेक, माझी अक्का, पुरात वाहून गेली. आपण कठडे काढले म्हणून ती गेली, असं ते आजतागायत सांगत आले. ती खरी का गेली ते मला ठाऊक होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आप्पा आता शहाऐंशीचे झाले होते. इंजिनिअरला मी ‘बघते’ म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

तर पुलाचा इतिहास. पूल इंग्रजांच्या काळातला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. त्यापुढे ज्याची त्याची गोष्ट सुरू होते. कुणी सांगतं, एका साहेबाची घोडी पुरात गेली म्हणून त्यानं पूल बांधला. कुणी सांगतं, कापूस लवकर जिनिंगला पोचावा म्हणून बांधला. मला दुसरी गोष्ट खरी वाटते, घोडीसाठी कुणी नऊ कमानी उभारत नाही. काळा दगड सातपुड्याच्या पायथ्याहून आला. तो फोडणारी आणि डोक्यावरून वाहणारी डोंगरातली भिल्ल आणि पावरा बायामाणसं होती, आणि त्यांचं नाव पुलाच्या एकाही दगडावर नाही. चुना दळायच्या घाण्याचा गोल चर माझ्या लहानपणापर्यंत नदीकाठी दिसायचा. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवला होता म्हणून पूल टिकला, असं म्हातारी माणसं सांगायची. ते ऐकून आम्ही मुली दगडांच्या फटीला जीभ लावून पाहायचो. गोड काही लागायचं नाही.

म्हसावद, ब्राह्मणपुरीकडच्या बैलगाड्या कापसानं गाठोड्यांसारख्या फुगून याच पुलावरून जायच्या. मग एसटी आली, मग उसाचे ट्रॅक्टर आले. वरातीही इथूनच गेल्या आणि मढीही इथूनच. दोन गाड्या समोरासमोर आल्या की कुणीतरी एकानं मागं जायचं, आणि मागं कुणी जायचं यावरून रोज भांडण. हे सगळं दोनशे शब्दांत बसवता येईल. मी बसवूनही पाहिलं. पण पुढचं वाक्य आलं की पेन थांबायचं, कारण पुढचं वाक्य कठड्यांचं होतं.

हा पूल मुळात ठेंगणा. पावसाळ्यात मोठा पूर आला की पाणी वरून जायचं. म्हणून त्याचे कठडे कायमचे नव्हते. दगडात खोबणी होत्या, त्यांत लोखंडी खांब उभे करायचे आणि खांबांतून नळ्या ओवायच्या. पावसाळ्याआधी हे सगळं काढून ठेवायचं आणि पावसाळा संपला की पुन्हा बसवायचं. हे काम आप्पांचं. ते मैलकुली होते. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या हवाली असायचा. त्यानं तिथले खड्डे मुरूम टाकून बुजवायचे, झाडांना चुना-गेरू लावायचा, पावसाचं पाणी चराला लावून द्यायचं. आप्पांच्या तुकड्यात हा पूल होता. खांबांवर त्यांनी पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते आणि उतरवलेल्या नळ्या आमच्या अंगणात रचलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं होतं, पाऊस-पाण्याच्या दिवसांतच माणसाला धरायला कठडा हवा, आणि तुम्ही तेव्हाच तो काढता, हे उलटंच नाही का. आप्पा हसले होते.

“पुरमा मोठमोठा झाडे येतस वाहीसन. त्या कठडाले अटकतस. मंग सगयं पानी पूलले रेटस. कठडा ऱ्हायना ते पूल जाई. कठडा काढा ते पूल ऱ्हाई. पुरले वाट देनी पडस, माय.”

लेकीला माय म्हणायची आमच्याकडे रीत आहे. अक्कालाही ते माय म्हणायचे.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाव सुमन. आम्हाला भाऊ नव्हता. अक्का ढगांच्या गडगडाटाला घाबरायची आणि मी तिला हसायचे. बाकी कशालाच ती घाबरायची नाही. विहिरीत सूर मारायची, बैल जुंपायची, मायच्या हातचा मार खाऊन वर मायलाच हसवायची. तिला दिली ती पलीकडच्या गावात. पूल ओलांडला की तिचं सासर. सगळ्यांनी आप्पांना नशीबवान म्हटलं, लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून. राहिलीच ती डोळ्यांसमोर. पुलावर उभं राहिलं की तिच्या घराचे पत्रे दिसायचे. पण बापानं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, बोलावल्याशिवाय तिच्या दारात जाऊ नये, अशी आमच्यात रीत. आप्पा रीत पाळणारे. रोज पुलावर कामाला असायचे आणि वर्षात दोनदासुद्धा पलीकडच्या गल्लीत जायचे नाहीत. अक्का नदीवर धुणं घेऊन यायची तेव्हा खालून वर बघायची, आप्पा वरून खाली बघायचे. एवढी त्यांची भेट.

तिचा नवरा हात उचलायचा. हे आम्हाला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. त्या काळी असल्या गोष्टी घरात अर्ध्याच बोलल्या जायच्या, उरलेलं अर्धं बाया डोळ्यांनी बोलायच्या आणि मी तेरा वर्षांची, मला डोळ्यांचं बोलणं नुकतं कळायला लागलं होतं.

त्या वर्षी आखाजीला तिला आणायला मुराळी पाठवला. मुराळी म्हणजे लेकीला सासरहून घेऊन येणारा, बहुतेक भाऊच. आम्हाला भाऊ नाही म्हणून चुलतभावाला पाठवलं. तो तासाभरात एकटाच परत आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “त्या म्हनतस, आम्हनी आंडेर येई ऱ्हायनी आखाजीले. सुनले धाडं ते रांधी कोन?”

त्यांची आंडेर म्हणजे त्यांची लेक. तिला माहेरपण मिळावं म्हणून आमच्या लेकीला माहेर नाही. माय खापरावर पोळी टाकत होती. उलथनं हातात धरून ती आप्पांना म्हणाली, “तुम्ही सोता जाई या.”

“बाप कधी मुराळी बनीसन जास का?” आप्पा म्हणाले. “जाऊ दे. आखाजी होऊ दे, मंग देखसूत.”

माय खापराकडे वळली. पण पोळी करपली, आणि मायच्या हातची पोळी कधी करपत नसे.

आता आमची ती रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, दोन्ही गावांच्या बाया पुलाच्या दोन टोकांना जमायच्या आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. खऱ्याखुऱ्या नव्हे, खेळातल्या. वर्षभर तोंड दाबून राहिलेल्या बायांना त्या एका दिवशी मोकळीक. एकमेकींच्या गावाला, गावातल्या पुरुषांना, स्वयंपाकाला नावं ठेवायची, जितकं झोंबेल तितकं चांगलं. पुरुष लांब उभे राहून हसायचे. नियम एकच. त्या दिवशी पुलावर कुणी काय बोललं ते मनावर घ्यायचं नाही, घरी न्यायचं नाही, पुन्हा काढायचं नाही. कुणी रागावलं तर तो खेळाचा अपमान. मला आजही वाटतं की ही फार शहाणी रीत होती. तिनं आमचं काय केलं ते कळूनही वाटतं.

आमच्या बाजूनं गंगाकाकू पुढे असायच्या. आमच्या शेजारीण, आवाज खणखणीत. त्या वर्षी त्यांनीच सुरुवात केली. “ओ पल्याडन्या बायासवं, तुम्हना गावनी डायमा डाय शोधाले दिवा लागस.”

तिकडून उत्तर आलं, “आन तुम्हना नवरदेवले घोडावर बांधीसन आनतस. नही ते तो पयी जास.”

पातळ डाळीवर आणि पळून जाणाऱ्या नवरदेवावर हशा पिकला. मी गंगाकाकूंच्या बाजूला उभी होते. मला बोलता यायचं, चटकन उत्तर सुचायचं, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच मला पुढच्या रांगेत घेतलं होतं. मी फार खुशीत होते. आणि मग समोरच्या रांगेतून अक्का पुढे आली. आमच्या गावची लेक, आखाजीला आमच्याच विरुद्ध उभी. दोन्हीकडून बायांनी गिल्ला केला, कारण अशी मजा कधी मिळायची नाही. अक्काच्या अंगावर लाल लुगडं होतं. डावा हात तिनं पदराखाली धरला होता.

“तुम्हना गावमा बाप ऱ्हातस का?” ती ओरडली. “ऱ्हातस ते आंधया शेतस का?”

सगळ्या हसल्या. आमच्या गंगाकाकूंना तर डोळ्याला पदर लावावा लागला. मग अक्का थोडी थांबली आणि नुसतं म्हणाली, “आप्पा, माले घर लई चाला. माले आठे ऱ्हावानं नही.”

लोक आणखीनच हसले. घरी न्या म्हणते, पोरगी काय सोंग आणते, म्हणाले. मी हसले नाही. मला तो आवाज माहीत होता. वीज कडाडली की अंथरुणात माझा हात शोधताना ती याच आवाजात ‘शकू’ म्हणायची. मला त्याच क्षणी कळलं की हे सोंग नाही. पण सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, आता उत्तर द्यायची पाळी आमची होती, आणि उत्तर मला सुचलंच. तेराव्या वर्षी सुचलेलं उत्तर गिळता येत नाही.

“आते तू त्या गावनी शे,” मी ओरडले. “आम्हना गावमा तुन्हाकरता जागा नही.”

टाळ्या पडल्या. गंगाकाकूंनी मला उचलून घेतलं. अक्काही हसली, पदर तोंडाला लावून हसली, आणि मागच्या रांगेत गेली. आप्पा त्या वेळी पुलाच्या मध्यावर, मधल्या कमानीपाशी, कठड्याच्या गंजलेल्या नटांना तेल घालत बसले होते. वारा नदीकडून होता, दोन्ही टोकांचा गोंधळ होता, त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही असंच मी धरून चालले. रात्री जेवताना मी मायला सांगू शकले असते. सांगितलं नाही. पुलावरचं घरी न्यायचं नाही, हा नियम मला फार सोयीचा वाटला. खरं म्हणजे टाळ्या अजून कानात होत्या आणि मला त्या घालवायच्या नव्हत्या.

चार दिवसांत कठडे उतरले.

आषाढात एका सकाळी आमच्याकडे आभाळ अगदी निवळ होतं. पाऊस पडला होता तो वर, तोरणमाळाच्या बाजूला. गोमाईचं असंच आहे, पाऊस डोंगरात आणि पूर आमच्या दारात. झुंजुमुंजू झालं तेव्हा पुलावर पोटरीभर पाणी होतं. पलीकडे दूध घालायला गेलेला आमच्या गावचा दूधवाला तिथंच अडकून पडला होता. त्यानं नंतर सगळं सांगितलं. अक्का एक गाठोडं काखेत घेऊन आली. त्यानं तिला थांब म्हटलं. ती म्हणाली, मन्हा बापना पूल शे, माले वाट माहीत शे. आणि ती पाण्यात शिरली. आमच्या बाजूला यायला दोन कमानी राहिल्या होत्या तेव्हा पाण्याचा लोंढा आला. दुसऱ्या दिवशी ती खाली, प्रकाशा गावाच्या बाजूला सापडली. गाठोडं सापडलं नाही. पाय घसरून, असं कागदावर लिहिलं गेलं.

आप्पा अंगणात नळ्यांच्या ढिगाजवळ बसून होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत होते. “कठडा ऱ्हाता ते तिले धराले काहीतरी ऱ्हातं.” लोक म्हणायचे, तुमचा काय दोष, साहेबाचा हुकूम, पुलाची रीत. आप्पा मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. कठडा असता तर ती वाचली असती की नाही, मला माहीत नाही. पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी मायला एक वाक्य सांगितलं असतं तर तिला त्या पाण्यात उतरावंच लागलं नसतं, एवढं मला स्वच्छ कळत होतं. तिनं सगळ्या गावासमोर घरी न्या म्हटलं आणि मी सगळ्या गावासमोर तिला जागा नाही म्हटलं. मग घरी यायचं तर तिनं कुणाला न विचारताच यायला हवं होतं, नाही का.

यानंतर आप्पांनी नोकरी सोडली असेल असं कुणालाही वाटेल. सोडली नाही. दर वर्षी आखाजीनंतर ते कठडे उतरवायचे आणि नवरात्राच्या आसपास चढवायचे. फरक इतकाच की आता मदतीला दिलेल्या माणसांना ते शिवू द्यायचे नाहीत. अठ्ठेचाळीस खांब एकट्यानं काढायचे. शेवटच्या दोन कमानींवरचे खांब काढताना त्यांना फार वेळ लागायचा. निवृत्त झाले त्या दिवशी पान्हा जमा करून आले आणि नंतर त्यांनी पुलावर पाऊल ठेवलं नाही. मुलगा नाही म्हणून रीत मोडून शहाद्याला माझ्याकडे राहायला आले, माय गेली, गुडघे गेले, डाव्या डोळ्याचं दिसणं गेलं. कान मात्र शाबूत राहिले, अजूनही शेजारच्या घरातल्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते तेच सांगतात.

दर आखाजीला आम्ही पितरांसाठी नवी घागर भरतो, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, मायचं नाव घेतो. अक्काची घागर आमच्याकडे भरता येत नाही, दिलेली लेक ती, तिची घागर तिच्या सासरची. आप्पा दर वर्षी न चुकता मला विचारतात, “तठे तिनी घागर कोनी भरस का?” तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तोही आता नाही. मी दर वर्षी ‘भरतस, आप्पा’ म्हणते. मराठीच्या शिक्षिकेनं खोटं कसं बोलावं, ते मला चांगलं येतं.

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीतून रिक्षा गेली. भोंग्यावरून सांगत होते की संध्याकाळी जुन्या पुलावर कार्यक्रम आहे, दोन गावांच्या महिला आखाजीची जुनी रीत सादर करणार आहेत, सर्वांनी यावे. मी खिडकी लावून घेतली. उशीर झाला होता. आप्पा पलंगावर उठून बसले होते.

“माले लई चाल,” ते म्हणाले.

“आप्पा, ऊन शे. गर्दी राही.”

“लई चाल.”

उन्हं उतरल्यावर रिक्षा केली. पुलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, तिथं ‘फक्त पादचाऱ्यांसाठी’ अशी पाटी. फलकाची जागा मोकळीच होती, मी मजकूर दिला नव्हता. आप्पांनी चपला काढल्या. मी म्हटलं, फरशी तापली असेल. त्यांनी ऐकलं नाही. काठी एका हातात, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असे आम्ही निघालो. पोरंपोरी फोटो काढत होती, एक बाई कानात काहीतरी घालून झपझप फेऱ्या मारत होती, कुल्फीवाला फाटकाबाहेर घंटी वाजवत होता. पूल छान दिसत होता, हे मला कबूल करावंच लागेल. इतकी वर्षं त्यानं ओझी वाहिली, आता त्याच्यावर नुसती माणसं चालतात. आप्पा थांबले आणि नव्या चकचकीत कठड्यावरून हात फिरवू लागले. जोड चाचपत होते.

“हाऊ निंघस का?”

“नही, आप्पा. पक्का शे.”

“मंग पूर उना ते?”

“वर बंधारा व्हयनात. आते पानी आठलोंग येत नही.”

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं, पण निवृत्त माणसानं किती बोलायचं म्हणून गप्प बसले असावेत. मधल्या कमानीवरच्या बाकावर मी त्यांना बसवलं. दोन्ही टोकांना छोटे मंच होते. एका रंगाच्या साड्या नेसलेल्या बाया एकीकडे, दुसऱ्या रंगाच्या दुसरीकडे, आणि हातात माईक. शिव्या कुणीतरी धुऊन पुसून घेतल्या होत्या, एकीलाही झोंबणार नाहीत अशा. एक पाठ केलेलं बोलायची, दुसरी पाठ केलेलं उत्तर द्यायची, मग लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या ऐकल्या आणि मी आप्पांजवळ सरकून बसले. इतकी वर्षं मी ठरवत होते, आज सांगू, उद्या सांगू. मायच्या तेराव्याला सांगायचं होतं. आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सांगायचं होतं. दर वेळी वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. पण मला हेही कळत होतं की मी गप्प राहिले तर ते कठड्याचं ओझं घेऊनच जातील, जे त्यांचं नव्हतं. माझ्या वाट्याचं होतं, आणि मी ते बापाच्या डोक्यावर ठेवून मोकळी चालले होते.

“आप्पा, माले काही सांगनं शे,” मी म्हटलं.

“सांग.”

“अक्का त्या साली आठे बोलनी व्हती ना, माले घर लई चाला. तो खेय नव्हता. ती खरंच बोली ऱ्हायंती. माले तव्हयच समजनं व्हतं. मी कोनलेच सांगं नही. उलटं तिलेच बोलनू, तुले जागा नही.” मी कठड्याकडे बोट केलं. “कठडामुये नही गयी ती. मन्हामुये गयी.”

आप्पा नदीकडे बघत होते. खाली पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि एका बाजूला हिरवं डबकं. तिकडच्या मंचावरची बाई काहीतरी बोलली आणि लोक हसले. मी वाट पाहत होते. ते मारतील तर बरं, असं वाटत होतं.

“मी आयकं व्हतं,” आप्पा म्हणाले.

मला वाटलं, ते आत्ताच्या बायांचं सांगताहेत.

“मी आठेच बठेल व्हतू, याच कमानवर. तेलनी बुधली व्हती हातमा. तिना आवाज माले समजाव नही का?” ते अगदी सावकाश बोलत होते, वाटेत दम घेत होते. “मी उठनू बी व्हतू. मंग म्हनं, इतला लोकेसमा बाप जाई आन आंडेरना हात धरी, लोके काय म्हनतीन. म्हनं, कठडा उतारी लेऊत, मंग जासू. कठडा उतारा. मंग पेरनी उनी. मंग म्हनं, आषाढ लागू दे.”

“पन तुम्ही ते सगयासले कठडानं सांगत.”

“काय सांगतू मंग?” आप्पा म्हणाले. “तुन्ही माय इचारे. गाव इचारे. लोखंड काही बोलत नही, म्हनीसन त्यानं नाव लिधं.”

मी त्यांचा हात धरला. आमच्या घरात कुणी कुणाचा हात धरत नाही, पण धरला. चाळीसेक वर्षं आम्ही दोघं, आधी त्यांच्या घरात आणि मग माझ्या, एकत्र जेवलो, एकमेकांना औषधं दिली, दर आखाजीला एकाच घागरीपुढे बसलो, आणि एकच वाक्य दोघांनी एकमेकांपासून लपवलं. त्यातल्या एकानं जरी तेव्हा तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. हे इतकं साधं होतं, की मला रडूही येईना. मी नुसतं म्हणत राहिले की मी सांगायला हवं होतं, आप्पा, मी तरी सांगायला हवं होतं.

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

“उगी राय, माय,” ते म्हणाले. “तू ते ल्हानी व्हती. बाप मी व्हतू.”